लोणचं अजून मुरलं नाही

चिचगाव, ता. नागभीड
८ सप्टेंबर २०२५

विहीणबाई वनमालाबाई यांना रुखमाचा नमस्कार.

नमस्कार रीत म्हणून घातला. मनापासून घालावा असं तुम्ही काही ठेवलं नाही.

फोनच केला असता, पण आमच्या घरी फोन स्पीकरवर चालतो आणि मी काय बोलते ते दारातल्या शेळीलाही कळतं. हे बोलणं तुमच्या मुलीच्या कानावर जायला नको, म्हणून पत्र लिहिते. सातवी शिकले आहे, लिहिता येतं.

परवा तुमचं पार्सल एसटीने नागभीडला आलं. आमचा गडी लहानू बाजाराला गेला होता, तो सायकलवर घेऊन आला. दोरी तुम्ही बांधली होती की व्याह्यांनी, देव जाणे. अर्ध्या वाटेत ती सुटली आणि पोतं फाटलं. मग त्या शहाण्याने सगळं सामान हँडलला टांगलं आणि ग्रामपंचायतीपासून आमच्या दारापर्यंत वाजवत आणलं. भाजी शिजवायचा दोन कानांचा गंज. भाकरी उलथायचा, सायकलची रबरी मूठ बसवलेला सराटा, तशीच एक सांडशी. सुताराच्या करवतीसारखी उभी मूठ असलेला सुरा. आणि एक रबराचा कोन, तो कशाचा ते अजून कळलं नाही.

वनमालाबाई, तुम्ही बल्लारपूरच्या कॉलनीत राहता, तुम्हाला खेड्याचं माहीत नसेल. आमच्या गावात सुनेच्या माहेराहून भांडी येतात ती लग्नात नाहीतर बाळंतपणात. अधेमधे गंज आणि सराटा आला की त्याचा एकच अर्थ. सून वेगळी चूल मांडणार. माझी चुलत जाऊ सुकरी, तिची सून अशीच वेगळी निघाली. सुकरी तर लहानूच्या मागेमागेच आली. अंगणात उभी राहून साऱ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाली, "काऊन वो रुखमाबाई, तुई बी सून वेगळी निघून राह्यली का? मले त वाटलं, मीच वाईट सासू होतो."

दिव्यानीला विचारलं तर खाली पाहून म्हणते, "आईनं उगाच पाठवलं." उगाच? कुणी उगाच गंज पाठवतं?

मी त्या पोरीला काय कमी केलं ते सांगा. पाहायला आलो तेव्हा तिच्यापुढे सूपभर तांदूळ ठेवले होते, आमच्यात तशी रीत आहे. तिने बोलता बोलता निवडून टाकले. मी तिथेच म्हटलं, मुलीचा हात चालता आहे, मला हीच पाहिजे. तीन वर्षं झाली, अजून गावभर तेच सांगते. आणि तुम्ही तिच्या हातात वेगळा सराटा देता!

पार्सल तसंच माळ्यावर टाकलं आहे. जाब द्या.

अक्षर वाकडंतिकडं आलं आहे. रागाने हात थरथरतो.

रुखमा

*

बल्लारपूर
१६ सप्टेंबर २०२५

रुखमाबाईंना वनमालाचा नमस्कार. मी मात्र मनापासून घालते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यानंतर तो घालता येणार नाही.

तुमचं पत्र मी आमच्या यांना वाचून दाखवलं. ते हसले. मला हसू आलं नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं झालं तुमचं.

दिव्यानीने मला शपथ घातली होती की सासरी सांगायचं नाही. ती शपथ मी आज मोडते. पोळ्याला ती दोन दिवस माहेरी आली. सकाळी उठून ब्लाउजचे हुक लावायला माझ्यासमोर पाठ करून उभी राहिली. मला वाटलं, लाड करून घेते आहे. मग चहा दिला, तर कप कानाला न धरता दोन्ही तळव्यांत दाबून उचलला, कुत्र्याच्या पिलाला उचलावं तसा. बोटं सांध्यांवर सुजलेली. मी विचारलं तर म्हणाली, डासांनी चावलं. डास असे दहाही बोटांना मोजून चावतात का हो?

तिला घेऊन चंद्रपूरला गेले. रक्त तपासलं. संधिवात आहे. म्हातारपणाचा नाही, तरण्यांना होतो तो. अंगच आपल्या सांध्यांवर उलटतं असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या दीर्घकाळ घ्याव्या लागतील. तिथे हाताचे व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी सांगितलं, बोटांनी चिमटीत धरायचं काम जितकं कमी तितकं बरं. मूठ जाड असली की जोर कमी लागतो. सुऱ्याची मूठ उभी असली की मनगट वाकत नाही. गंजाला दोन कान असले की वजन दोन हातांत वाटलं जातं. त्या बाईंनी चित्रं दाखवली आणि आमच्या यांनी, गिरणीत सारा जन्म फिटर होते, घरामागच्या शेडमध्ये बसून ते सामान केलं. सायकलच्या मुठी विकत आणल्या. रबर उकळत्या पाण्यात घालून चढवलं. तुम्ही म्हणता सुताराची करवत. बापाने लेकीच्या हाताचं माप घेऊन केलेला सुरा आहे तो, आणि तो माळ्यावर पडला आहे!

तीन वर्षं ती तुम्हाला चहा देते. कप कसा धरते हे एकदाही पाहिलं नाही? तिचा हात चालता आहे हे गावाला सांगायला वेळ होता, तो हात बघायला नव्हता. तुमच्या स्वतःच्या हातांना काही झालं असतं तर कळलं असतं.

आणि विषय निघालाच आहे तर बोलते. मे महिन्यात मी आंब्याच्या लोणच्याची मोठी बरणी पाठवली होती. आज सप्टेंबर. गोड लागलं, खारट लागलं, नासलं, एक शब्द नाही. आमच्या हातचं लोणचं तुमच्या ताटाला चालत नसेल तर तसं सांगा.

मला मुलीची वेगळी चूल मांडायची नाही. पण ते पार्सल दिवाळीपर्यंत माळ्यावरून खाली आलं नाही, तर मी येऊन माझी मुलगी घेऊन जाईन. भांडी ठेवा तुमच्याकडे, गावाला वाजवून दाखवायला.

वनमाला

*

चिचगाव
२५ सप्टेंबर २०२५

वनमालाबाई,

तुमचं पत्र मिळालं. वाचून आधी ढसाढसा रडले, मग राग आला. रडणं संपलं, राग अजून आहे.

राग कशाचा ते ऐका. माझ्या घरात, माझ्या चुलीपाशी, माझी सून दुखणं गिळून बसते आणि तिच्या आईला शपथ घालते की सासूला सांगू नको. मी काय ताडोब्यातली वाघीण आहे? मी तिला समोर बसवलं. म्हटलं, "मले काऊन नाई सांगतलं वो?"

मग म्हणाली, "तुमी साऱ्या गावात सांगता, माया सुनेचा हात मशीनवानी चालते. मंग म्या कोन्या तोंडानं सांगू, का मशीन बंद पडली?"

विहीणबाई, मला थोबाडीत मारल्यासारखं झालं. मी ते कौतुकाने सांगत होते. माझ्या कौतुकाचं तिला ओझं झालं होतं. दूध सांडलं की मी म्हणायची, "लक्ष कुठी हाय तुयं?" आमचा कुलदीप खाणीच्या ड्युटीमुळे राजुऱ्याला खोली करून राहतो, रविवारी येतो. त्याच्यासमोर तर ती हात पदराखालीच ठेवते. नवऱ्यालाही पत्ता नाही.

पार्सल त्याच दिवशी खाली काढलं. सुरा तिच्या हातात दिला. पावशीवर ती वांगी चिरायची तेव्हा ओठ दाबून चिरायची, ते मला आता आठवलं. या सुऱ्याने पाटावर ठेवून सपासप चिरली. चिरताना गुणगुणत होती. तिचं गुणगुणणं बंद झालं होतं, हेसुद्धा मला त्या दिवशीच कळलं.

पण आता तुम्ही ऐका. मी घरभर हिंडून एकेक वस्तू पाहिली आणि माझं डोकंच फिरलं. कपाचा कान एवढासा, त्यात एक बोट जाईना. गॅसचा खटका दाबायला पैलवान पाहिजे. नळाची चावी गुळगुळीत. आणि सगळ्यांत कडी म्हणजे तिच्या गोळ्यांची बाटली! संधिवाताची गोळी, आणि झाकण दाबून फिरवल्याशिवाय उघडत नाही! ज्याने हे झाकण केलं त्याला इथे आणा, त्याच्या बोटांना सुतळी बांधते आणि म्हणते, घे बाबा, खा गोळी. मेडिकलवाल्याला जाऊन तसं सांगून आले. तो म्हणाला, कंपनीकडूनच असं येतं. म्हटलं, मग तू काढून दे, तुझे हात तर शाबूत आहेत. आता तो गोळ्या साध्या डबीत काढून, वर नाव लिहून देतो.

तो रबराचा कोन मात्र आमच्या यांनी घेतला. काठीच्या टोकाला बसवला आहे. सारवलेल्या अंगणात काठी सरकत नाही म्हणतात. व्याह्यांना आमच्याकडून धन्यवाद सांगा.

लोणचं अजून मुरलं नाही, म्हणून उघडलं नाही. तुमच्या हातचं चालत नाही असं मी कधी म्हटलं?

आणि मुलगी घेऊन जाण्याची भाषा मला करू नका. ती इथली आहे. नेऊन दाखवा.

रुखमा

*

बल्लारपूर
३० ऑक्टोबर २०२५

रुखमाबाई,

तुमचं मागचं पत्र वाचून मी देवापुढे साखर ठेवली होती. आज ती साखर कडू झाली.

भाऊबीजेला माझी मुलगी आली नाही. तिच्या भावाने ताट मांडून ठेवलं होतं. फोन केला तर एवढंच म्हणाली, "आई, येता येत नाही, मग सांगीन." मागून बायकांचा गलका. काल मी नागभीडकडच्या गाडीने परत येत होते, एका नातलगाला भेटून. समोर तुमच्या गावची बाई बसली होती. मी कोण हे तिला माहीत नव्हतं. ती शेजारणीला सांगत होती की तेरवीच्या स्वयंपाकात सगळ्या बायका बसल्या होत्या, तिथे कुलदीपला दुसरी बायको बघायची गोष्ट निघाली. सुनेचा हात गेला म्हणून. सून तिथेच बसली होती. आणि सासू? "सासू त काईच नाई बोलली वो," म्हणाली ती. "गपचिप उठून गेली."

काहीच नाही बोलली!

मेडिकलवाल्याला झाकणावरून शिव्या देणाऱ्या रुखमाबाई, माझ्या लेकीचा संसार तिच्या तोंडावर मोडायला निघाले तेव्हा तुमची जीभ कुठे होती? की तेही तुमच्या मनातलंच होतं? चालता हात पाहून आणली, थांबला तर बदलायची. बैलालासुद्धा आपल्याकडे पोळ्याला पुरणपोळी देतात. सुनेला काय देतात?

माझ्या मुलीने पदवी घेतली आहे, ती कुठेही पोट भरेल. त्या हातांनीही भरेल. येत्या नऊ तारखेला, रविवारी, मी गाडी करून येते. कुलदीपरावही घरी असतील, त्यांच्यासमोरच बोलू. तिचे कपडे बांधून ठेवा. सुरा, सराटा आणि गंज मी स्वतः उचलून नेईन. दोरी या वेळी घट्ट बांधीन.

वनमाला

*

चिचगाव
३ नोव्हेंबर २०२५

वनमालाबाई,

गाडी करू नका. आधी हे पत्र शेवटपर्यंत वाचा, मग खुशाल करा. तुम्हाला लवकर मिळावं म्हणून लहानूला नागभीडच्या पोस्टात धाडते आहे.

तुम्ही ऐकलं ते खोटं नाही. पण ते अर्धं आहे. गाडीतल्या बाईचं स्टेशन आलं असेल.

भाऊबीजेच्याच दिवशी आमच्या भाऊबंदकीत चुलत सासरे नामदेवमामा, त्यांची तेरवी होती. घरची तेरवी सोडून सून माहेरी कशी जाईल? तिने फोनवर सांगितलं नाही कारण भोवती सगळ्या बसल्या होत्या. तेरवीला आमच्याकडे स्वयंपाकी येत नाही. गावातल्या बायका आपापली पावशी घेऊन येतात, ओळीने बसतात, पावशी पायाखाली दाबतात आणि भाजी चिरतात. कुणाची पावशी किती धारदार, कुणाचा हात किती चालता, हे तिथेच ठरतं. दिव्यानी म्हणाली, मी येत नाही. मी म्हटलं, का नाही? पावशी नाही तर सुरा घे. पाट मी उचलते.

ती ओळीत पाटावर सुरा घेऊन बसली आणि बायका हसायला लागल्या. कुणी म्हणे करवत आणली, कुणी म्हणे कोहळं कापतेस का सागवान. ते मी चालू दिलं, गंमत होती. दिव्यानीने बोटं सुजतात ते सरळ सांगितलं. मग सुकरी म्हणाली, "हात गेला त बाई गेली. रुखमाबाई, कुलदीपचं वय हाय अजून. दुसरी पाहून घे."

दिव्यानीचा सुरा थांबला.

मी बोलले नाही, हे खरं. बोलायला तोंड उघडलं तर शिव्याच येणार होत्या आणि तेरवीचं घर होतं. म्हणून मी उठले. आतून सगळ्यांत मोठं कोहळं लोटत लोटत आणलं आणि सुकरीच्या पावशीपुढे ठेवलं. म्हटलं, "काप."

तिने उचललं. अर्धं पातीवर टेकवलं आणि दाबायला गेली, तर कोहळं घसरलं, चुलीपर्यंत गडगडत गेलं. ती म्हणाली, हात ओला होता. मी म्हटलं, "हात दाखव. मूठ वळ."

"काऊन?"

"वळ म्हन्तो ना!"

तिची मूठ वळली नाही, वनमालाबाई. अर्ध्यात थांबली. मी पुढच्या बाईपाशी गेले. वळा मूठ. मग तिच्या पुढच्या. मी अख्ख्या ओळीतून फिरले. सारा जन्म चिखलात वाकून धानाची रोवणी केलेल्या बायका. कुणाचा अंगठा बाहेर राहिला, कुणाची दोन बोटं सरळच राहिली, कुणी हसून टाळलं, एकीने हात पाठीमागे लपवला. साठी ओलांडलेली एकही मूठ पुरती वळली नाही. आणि या बायका माझ्या सुनेला म्हणतात, हात गेला!

तेव्हा मी बोलले. तेरवीचं घर विसरून बोलले. "इथी कोनाची मूठ वळते? सांगा! मंग साऱ्याइच्या नवऱ्याइले दुसरी पाहू का? मांडव घालू का एकच मोठा? माई सून बोलली त तिचा हात गेला, अन् तुमी लपवता त तुमचे हात चालते? हातच्या काकनाले आरसा कायले पायजे वो, पाहा ना आपआपले हात!"

चुलीवर डाळ उतू गेली तरी कुणी उठलं नाही. मग दिव्यानी उठली. चुलीपाशी जाऊन ते कोहळं आणलं, पाटावर ठेवलं, दोन्ही हातांनी सुरा धरून दोन भाग केले. सुकरी बघत होती. हळूच म्हणाली, "दे वो पोरी, पाहू दे." चिरून पाहिलं. मग शेजारणीने मागितला. त्या दिवशी सगळी भाजी त्या एका सुऱ्याने चिरली गेली आणि पंगत उशिरा बसली. पुरुष ओरडत होते. ओरडू दिलं.

नऊ तारखेला खुशाल या, पण जेवायला. मुलीचे कपडे दोरीवर वाळत आहेत, मी काही बांधून ठेवणार नाही. कुलदीपला तिने स्वतः सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मले कोनी सांगतच नाई काई." दर रविवारी येतो, डोळे खिशात ठेवतो. मी त्याला तेवढंच म्हटलं.

रुखमा

*

बल्लारपूर
११ नोव्हेंबर २०२५

रुखमाबाईंना वनमालाचा नमस्कार, आणि या वेळी दोन्ही हात जोडून.

गाडी केली नाही. रविवारी आले नाही, कारण कोणतं तोंड घेऊन येणार होते? गाडीतल्या अर्ध्या गोष्टीवर मी तुम्हाला नाही नाही ते लिहिलं. तुमचं पत्र मी आमच्या यांना वाचून दाखवलं. मांडव घालू का एकच मोठा, इथे ते इतके हसले की ठसका लागला. कोहळं दोन भाग केलं, इथे ते उठून शेडमध्ये गेले. तिथे बराच वेळ त्यांनी नुसतं हे उचल, ते ठेव केलं.

पण माझा राग गेला नाही. आता वेगळा आला आहे.

तुम्ही सुकरीची मूठ लिहिली. तिच्या शेजारणीची लिहिली. अख्ख्या ओळीच्या मुठी लिहिल्या. रुखमाबाई, तुमची मूठ वळली का?

तुमची तिन्ही पत्रं मी शेजारी शेजारी ठेवली. पहिल्यात म्हणता, रागाने हात थरथरतो. तिसऱ्यात राग नव्हता तिथेही अक्षर तसंच आहे. काना वर सुरू होतो आणि खाली पोचत नाही. दिव्यानीची गेल्या वर्षीची चिठ्ठी काढून पाहिली, तिचंही अक्षर असंच होतं. फोन तुम्ही स्पीकरवर कोनाड्यात ठेवून लांबून बोलता. मला वाटायचं, विहिणीशी बोलायचा कंटाळा. कानाला धरवत नाही, हो ना? कोहळं आतून तुम्ही लोटत आणलं. उचललं का नाही?

आणि लोणचं! मे महिन्यात घातलेलं लोणचं सप्टेंबरपर्यंत मुरलं नाही? बाई, मी लोणचं घालते, सिमेंट नाही. ते मुरलं नाही असं नाही, ते उघडलंच नाही. कारण ते झाकण तुमच्या दोघींपैकी कुणाच्याही हाताने फिरत नाही, आणि दोघीही एकमेकींना ते सांगत नाहीत.

आपलं दुखणं झाकून ठेवायचं हे माझी लेक कुठून शिकली म्हणून मी डोकं फोडत होते. तुम्हीच तर तिच्यापुढे रोज तेच करता! ती शपथ घालते म्हणून तुम्हाला राग येतो, मग तुमचं काय?

तो रबराचा कोन काठीसाठी नाही. तो झाकणावर उलटा दाबायचा, तळव्याने धरायचा आणि फिरवायचा. बोटं लागत नाहीत. व्याह्यांच्या काठीवरून काढा. त्या काठीला यांनी दुसरा रबरी बूट केला आहे, सोबत पाठवते. आणि एक पेन पाठवते. सायकलच्या मुठीत बसवला आहे, बघायला बावळट दिसतो.

खरं उत्तर द्या. तुमच्या झाडीपट्टीतलं सरळ उत्तर.

वनमाला

*

चिचगाव
२ डिसेंबर २०२५

वनमालाबाई,

नाही वळत.

चार वर्षं झाली. आधी सकाळी आखडायची, मग दिवसभर. धानाची पेंढी बांधता बांधता हातातून सुटायला लागली तेव्हा मी मजुरांना म्हणायची, तुम्ही बांधा, मी देखरेख करते. गाव म्हणालं, रुखमाबाईला सून आली, आता मालकीण झाली. मीही तेच म्हणू दिलं. पाहायला आलो तेव्हा सूपभर तांदूळ ठेवले ते रीतीसाठी ठेवले नव्हते. मला घरात चालता हात हवा होता, माझा थांबला होता म्हणून. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आमच्या यांनाही नाही.

आता मला कुणाचा राग येतो म्हणून सांगू? विळ्याची मूठ कुणाच्या हाताच्या मापाने करतात हो? लोहाराने कधी बाईचा हात हातात घेऊन पाहिला का, की कापणी तर आम्हीच करतो? इतकी वर्षं आम्ही दुखऱ्या हाताने कापलं, रोवलं, निवडलं, थापलं आणि एकमेकींना म्हणालो, तुझा हात काय चालतो गं! कुणी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. मला स्वतःचाही राग येतो, आणि तो सगळ्यांत जास्त येतो.

तुमचं पत्र मी दिव्यानीला वाचायला दिलं. तिने वाचलं आणि कपाटातून बरणी काढून माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, "मले वाटलं, तुमाले आंबट चालत नाई."

मी म्हटलं, "मले वाटलं, तुलेच नाई आवडत."

आमचे हे रोज जेवताना विचारायचे, लोणचं वाढा. मी म्हणायची, मुरलं नाही. मी नसले तर ती म्हणायची, मुरलं नाही. सहा महिने त्या बिचाऱ्यांनी दोघींचं ऐकलं. काठीवरचा कोन काढायला गेलो तर द्यायला तयार नव्हते, "माया काठीचा जोडा होय तो!" तुमचा नवा बूट दाखवला तेव्हा कोन सोडला. मग दिव्यानीने बरणी मांडीत दाबून धरली आणि मी कोन झाकणावर दाबून तळव्याने फिरवला. पहिल्यांदा नाही झालं. दुसऱ्यांदा तिने तिचा तळवा माझ्या तळव्यावर ठेवला.

उघडलं, वनमालाबाई.

वास साऱ्या घरात गेला. हे ताट घेऊनच उठून आले, वाकून वास घेतला आणि म्हणाले, "मुरलं वाटते." आम्ही दोघी इतक्या हसलो की मला रडूच आलं. ती पोर माझे हात धरून बसली. दोघींचे हात सारखेच सुजलेले, कुणाचे कुणाचे कळेना. तीन वर्षं एका चुलीपाशी बसलो, आणि आम्ही एकमेकींचे हात कधी धरले नव्हते.

बुधवारी दोघीही चंद्रपूरला जातो, तुमच्या त्या हाताच्या बाईंकडे. सुकरीसुद्धा येते म्हणते. तिला मी म्हटलं, ये, पण गाडीत तोंड बंद ठेव.

आता एक काम सांगते. व्याह्यांना म्हणावं, अजून एक गंज करा, दोन कानांचा, आणि एक सुरा. एसटीनेच पाठवा. पण या वेळी पोतं नको, दोरी नको. लहानूला मी सांगून ठेवलं आहे, हँडलला टांग आणि ग्रामपंचायतीपासून वाजवत आण. कुणी अंगणात येऊन विचारलं की सून वेगळी निघाली का, तर मी दारात उभी राहून सांगणार आहे, सून कुठे जात नाही, हे सामान माझं आहे.

हे पत्र तुमच्या बावळट पेनाने लिहिलं. काना खाली पोचतो का ते पाहा.

तुमची
रुखमा

ता. क. लोणच्यात मीठ जास्त झालं आहे. बरणी अर्धी संपली.